टाचणीनं लिहिलेलं कार्ड

आयुष्यात मी एकच गुप्त पत्र लिहिलं, आणि ते अख्ख्या भाईंदरनं वाचलं.

साठच्या दशकाची अखेर. मी एका मिठागरावर कारकून होतो. मालकाची मुलगी मला आवडायची, तिलाही मी. पण मी रत्नागिरीकडचा भाडेकरू, ते इथले जमीनवाले. तिच्या बापापुढं तोंड उघडायची माझी छाती नव्हती. अशात आई आजारी पडली. गावी निघताना कळलं, वसईचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत.

मालकाला अक्षरओळख नव्हती. आलेलं कार्ड मुलगी मोठ्यानं वाचायची, मग तो ते दाराशेजारच्या तारेत टोचून ठेवायचा. माझ्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. कार्ड मालकाच्याच नावे, मजकूर पाऊसपाण्याचा, आणि ठराविक अक्षरांखाली टाचणीची भोकं. ती अक्षरं जोडली की, 'पाहुण्यांना नकार दे, मी येतोय.' खूण तिला सांगून ठेवली होती. संशय नको म्हणून आधी दोन साधी कार्डंही धाडली. केवढा हुशार मी! ज्याच्यापासून लपवायचं त्याला काय काय ठाऊक असेल? मी धरून चाललो होतो, काहीच नाही.

आईच्या दुखण्यात महिना गेला; परतलो तर तिचं लग्न उरकलं होतं. मालकानं तिन्ही कार्डं पुढ्यात टाकली.

"काय कारकून, मना वाचाया येत न्हाय, पन डोलं हायत ना? तारेचं भोक एकच. ही दोन कार्डं बघ. आनि ह्ये तिसरं टोचाया घेतलं तर उजेड आरपार. पिठाची चालन हाय चालन!"

ताडून बघायला साधा नमुना मीच पुरवला होता, तोही दोनदा. भोकांवरची अक्षरं शाळेच्या मास्तरांनी चार माणसांत वाचून दाखवली.

"ती काय म्हणाली?" मी कसंबसं विचारलं.

"रडली. बोलली, त्यो तुमाला इचारनार हाय. मी आठ दिस थांबलो. सरल लिवलं असतंस, पोर द्या, तर इचार केला असता रं. माज्याच नावाच्या कार्डात चोरी करनाऱ्याला कशी देऊ?"

नोकरी गेली नाही. गेली असती तर सुटलो असतो. त्या घरात वाचणारं आता कुणी उरलं नव्हतं. वसईहून तिचं कार्ड आलं की मालक ते घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. मी वाचायचो, 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.'

"आनि?"

"एवढंच," मी म्हणायचो. तरी तो तिथंच उभा राहायचा.