उजवीकडची मोकळी जागा

तक्रारदार: मी. घटना: गेल्या रविवारची, ल्यूकन (आयर्लंड) येथील आपल्या टेनिस क्लबातली. साक्षीदार: माझी पत्नी.

सचिव महोदय, आपण मला जोडीदार म्हणून दिलेल्या हंगेरियन गृहस्थांनी सारी व्यावसायिक कारकीर्द दुहेरी खेळण्यात घालवली. परिणामी चहाच्या रांगेतही ते उजवीकडे जोडीदारापुरती जागा मोकळी सोडतात. मी चेंडू जाळ्यात मारला तरी हातावर टाळी देऊन म्हणतात, "ग्रँड, पार्टनर!"

रविवारी सामना संपल्यावर मी त्यांना स्पष्ट सुनावले, "तुम्ही हरलात."

ते हसले. "हो, आपण दोघे हरलो."

पत्नी म्हणाली, "अहो, सगळे चेंडू तुम्हीच तर घालवलेत!"

आता आपण त्यांना दुसरा जोडीदार दिला आहे. टाळी त्यालाही तशीच मिळते, हे संतापजनक आहे. उजवीकडची ती जागा माझी होती. ती मला परत मिळावी, अन्यथा नकाराचे कारण लेखी कळवावे.