सुलभाच्या चित्रातली कोरी जागा

अबुधाबीला चिनी शाईचित्रांचं प्रदर्शन लागलंय हे कळल्यावर मी आणि सुलभा जाणार हे ठरलेलंच होतं. ती चित्रं काढते, मी चारोळ्या लिहिते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात तिच्या चित्राखाली माझ्याच ओळी असतात. शुक्रवारी सकाळी दुबईत अल नहदाला माझ्या घरी ती मला घ्यायला आली, तर पुढच्या सीटवर अश्विनी. पुण्याहून नुकतीच आलेली, बर दुबईत राहणारी, हीसुद्धा लिहिते म्हणे. मी मुकाट मागे बसले.

शुक्रवारी रस्ता मोकळा असतो, दोन तासांत पोचता. दुबई मरिनाच्या बाजूला बांधकामाच्या नुसत्या क्रेन दिसतात, तेवढं सोडलं तर पुढे वाळूच वाळू. जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, शुक्रवारी हॉल नमाजानंतर, चारला उघडतो. आम्ही आधी एका उडुप्याकडे जेवलो. थाळी दहा दिरहम.

"म्हणजे सव्वाशे रुपये? नीलाताई, पुण्यात एवढ्यात तिघी जेवलो असतो," अश्विनी म्हणाली. सुलभा केवढ्यांदा हसली. माझ्या विनोदांना ती अशी हसत नाही.

प्रदर्शनाला तिकीट नाही. एका चित्रात धुकं आणि रिकामी होडी, बाकी कागद कोरा. कोपऱ्यात छोटीशी कविता. बाजूला भाषांतर होतं, त्यात होडीचं नावही नाही. मित्र गेल्यावर उरलेल्या मद्याबद्दल काहीतरी. आतल्या टेबलावर एक वयस्क चिनी चित्रकार प्रात्यक्षिक दाखवत होते. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की चित्रकार जागा सोडतो आणि कवी मित्र तिथे लिहितो. मग त्यांनी ब्रश पुढे केला. कोणीही या, चित्र काढा, आपल्या भाषेत लिहा.

सुलभाने गाफचं झाड काढलं, इथल्या वाळूत एकेकटं उभं असतं ते. चार-सहा फटकारे, जरासं कललेलं खोड, आणि वर भरपूर कोरी जागा. इतकं चांगलं तिने आजवर काढलं नव्हतं. ती जागा माझी, यात मला काडीचीही शंका नव्हती. मी तिथल्या तिथे चारोळी रचून म्हणून दाखवली. चित्रकारांनी अर्थ विचारला. झाड, वाळू, एकटेपण, मी सांगितलं.

"पण झाड तर काढलंय," ते नम्रपणे म्हणाले.

सुलभाने अश्विनीकडे पाहिलं. "तुला काही सुचतंय?"

"अगं, आय डोन्ट नो... दोनच ओळी आहेत."

*आईचा फोन होता.*
*म्हटलं, इकडे सगळं छान आहे.*

अर्थ ऐकून चित्रकारांनी पुन्हा झाडाकडे पाहिलं. सुलभाने ब्रश अश्विनीच्या हातात दिला.

"नीलाताई, तुम्ही लिहा ना," अश्विनी म्हणाली.

"नाही, तूच लिही," सुलभा म्हणाली.

माझा नुसता जळफळाट झाला. त्यात तिचं अक्षरही सुरेख निघालं. शाई वाळेपर्यंत मी बाहेर जाऊन कराक चहाचा एक कप घेतला. एक दिरहम, चांगला कडक होता.

परतताना अश्विनीला आधी सोडलं. मग मी विचारलंच, "माझ्या चारोळीत काय वाईट होतं गं?"

"वाईट काही नाही. तुझं ऐकलं की मी काय काढलंय ते कळतं." सिग्नल सुटला. "तिचं ऐकलं आणि वाटलं, हे मी काढलंय?"

घर येईपर्यंत मी कॅसेट ऐकत बसले.

चित्र आता सुलभाच्या हॉलमध्ये लावलंय. प्रदर्शन अजून महिनाभर आहे, जरूर बघा, पार्किंग मागच्या गल्लीत मिळतं. रविवारी सांगलीहून आईचा फोन आला. इकडे सगळं छान आहे, असं म्हणून मी ठेवला आणि फोनपाशीच बसून राहिले. इथे आल्यापासून दर आठवड्याला हे वाक्य मी बोलतेय, आणि सुलभाच्या झाडावर ते लिहिलं त्या पोरीने.