कंदाच्या पोटातली कळी

मरोळच्या एका औषध कारखान्यात नलिनी परबने सत्तावीस वर्षं एकच काम केलं. इंजेक्शनची बाटली दिव्यासमोर धरायची, हलकेच फिरवायची आणि आत कण दिसला तर बाजूला काढायची. ती निवृत्त झाली त्या दिवशी शेजारच्या टेबलावरची कॉन्सेप्टा गावठाणातल्या आपल्या अंगणातले तीन कंद पिशवीतून घेऊन आली.

"अमरिलिस लिली आहे. कुंडीत लाव. कंदाची मान मातीच्या वर ठेव, नाहीतर कुजेल."

कांदिवलीला तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं! नलिनीने खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन कुंड्या ठेवल्या. एप्रिलमध्ये तिन्हींना कर्ण्यासारखी लालभडक फुलं आली. फुलं गेल्यावर लांबच लांब पानांचा पसारा दिसायला लागला, तेव्हा तिने ती बुडापासून कापून टाकली.

पुढच्या वर्षी नुसती पात. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

"एवढी पात आहे, तर पीठ पेरून भाजी कर," नवरा शिवदास म्हणाला.

"विषारी असते ती. आणि मला फूल गेलं कुठे ते कळायला हवंय."

पावसाळ्यात एक कंद मऊ पडला. रोज पाणी घालून घालून बुडाशी कुजला होता. तो कचऱ्यात टाकता टाकता नलिनी थांबली. जुनी सुरी घेऊन तिने तो उभा चिरला आणि सवयीने उजेडात धरला. कांद्यासारखे पदर होते. त्यांच्यात एक कळी कागदासारखी वाळून चिकटली होती आणि मधोमध दुसरी, तांदळाच्या दाण्याएवढी, ताजी.

म्हणजे फूल येतच होतं, फक्त वर पोचत नव्हतं.

तिने लगेच कॉन्सेप्टाला फोन लावला. "तू काय करतेस गं त्यांना?"

"काय करणार? पाऊस गेला की पाणीसुद्धा घालत नाही. पानं पिवळी होऊन गळतात, मार्चमध्ये परत येतात."

"हिरवी पानं कापत नाहीस?"

"कशाला कापू? पानं असतात तोवर कंद जेवतो, असं आई सांगायची."

नलिनीने उरलेल्या दोन कंदांच्या पानांना हात लावला नाही. पंधरा दिवसांनी मूठभर शेणखत घातलं. दसऱ्यानंतर पाणी बंद केलं आणि पानं वाळल्यावर दोन्ही कुंड्या पलंगाखाली सरकवल्या. मधे एकदा शिवदास तांब्या घेऊन वाकला होता, तिने त्याला उठवलं.

फेब्रुवारीत कुंड्या पुन्हा खिडकीत आल्या, कपभर पाणी मिळालं. अठराव्या दिवशी एकीत हिरवं टोक दिसलं.

"पान असेल," शिवदास म्हणाला.

तिने बोट फिरवलं. पान चपटं असतं, हे फुगीर होतं. दांडा उजेडाकडे झुकायला लागला, तशी ती रोज कुंडी थोडी फिरवत राहिली. मार्चच्या शेवटी एका दांड्यावर चार फुलं उमलली. दुसऱ्या कुंडीत पानंच आली. नलिनीने शिवणाच्या टेपने दोन्ही कंदांचा घेर मोजला. दुसरा बराच बारीक होता. त्याला अजून एक वर्ष जेवू द्यायला हवं होतं.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर कॉन्सेप्टा आली आणि ग्रिलपाशी उभीच राहिली. चहा पिताना नलिनीने चिरलेल्या कंदाची सगळी हकीकत सांगितली.

"चाळीस वर्षं लावतेय मी," कॉन्सेप्टा म्हणाली. "आत काय असतं, कधी बघावंसं वाटलं नाही." मग कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्याकडे भिंतीलगत चिकार झालेत. पुढच्या रविवारी ये. एक चिरू."