पंचमीला चिरायचं नाही

शिराळ्याच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला आई एकटीच आली होती. साल त्र्याहत्तर. मी आनुवंशशास्त्र शिकायला अमेरिकेला निघाले होते. फौजेतला माझा दादा एकाहत्तरच्या लढाईत कामी आला होता. गाडी लागली तशी आई म्हणाली, "कुटं बी ऱ्हा, पर पंचमीला चिरू-कापू नगंस. भावाचा उपास सोडू नगंस."

"आई, दादाच न्हाई. उपास कुनाचा धरू?"

"भाऊ गेला म्हनून नातं जातंय व्हय?"

मी मान डोलावली आणि गाडीत चढले.

आपल्याकडे नागपंचमीचा नाग म्हणजे बायकांचा भाऊ. त्या दिवशी विळी भिंतीला टेकलेली, तवा उपडा, खायला पुरणाची उकडलेली दिंडं. इथे आले तर माझं कामच चिरण्याचं! चिलटांच्या पिढ्या बाटल्यांत वाढवायच्या, त्यांच्या अळ्या चिरून गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. अळीला एक दिवस जास्त मिळाला की तिचा कोष होतो, मग ती कामाची राहत नाही.

पुढच्याच वर्षी माझी हिवाळ्यापासूनची मेहनत नेमकी पंचमीला हाताशी आली. ती पिढी गेली तर शिष्यवृत्तीही जाणार होती. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं, दादाचंही. सर पिकल्या केसांचे, देवाधर्माशी काडीचा संबंध नसलेले. त्यांनी विचारलं, "नाग तुझा भाऊ आहे, हे तुला खरं वाटतं?"

"सख्खा नाही," मी म्हणाले, "पण सगळ्या जिवांचं मूळ घराणं एकच, हे तुम्हीच वर्गात शिकवता."

सर खो-खो हसले. मग माझी खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या अळ्या चिरत राहिले. मी शेजारी उभी राहून टिपून घेत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. पदवी, नोकरी, पुढचं सगळं त्या दिवसावर उभं राहिलं.

गावी गेले तेव्हा हे आईला सांगितलं. तिनं विचारलं, "त्येला भईन हाय का?"

"न्हाई."

"मग त्येचा बी उपास धर. तितं कोन हाय त्येचं?"

आता आई नाही, सरही नाहीत. पंचमीच्या आदल्या दिवशी मी इथे दादा आणि सर, अशा दोन भावांसाठी उपाशी राहते. माझ्या पोरांना हसू येतं, येऊ दे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी शिराळा सांगायची. आता आधी ते दोघं भाऊ डोळ्यांसमोर येतात.