आबांचा डावा हात

मांडवगण फराट्याच्या एसटी स्टँडवर माझ्या आजोबांनी, आबांनी, मला डाव्या हातानं निरोप दिला. उजव्या हातातल्या काठीवर आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस! मला वाटलं, नात नोकरीला दौंडला निघाली म्हणून रुसलेत. "पोचली की फोन कर," एवढं म्हणतानाही ते तीनदा अडखळले. मी गाडीत बसले. खिडकीतून हसलेसुद्धा.

पुढचं फोनवर कळलं. घरी जाईपर्यंत तोंड वाकडं झालं होतं. "अंगावरनं वारं गेलं," असं ठरलं. मग आणखी वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावल्या, आबांना घोंगडीत गुंडाळलं आणि घरचे अंधारात तेल चोळत बसले. आमच्याकडची रीतच ती. केलं सगळं मायेनंच. त्या मायेत दिवस गेला, आबांचा उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कालच का नाही आणलं?" उत्तर मी द्यायला हवं होतं. सगळ्यात आधी मीच पाहिलं होतं.

दौंड काही परदेश नव्हे, पण माझ्या खोलीच्या एका बाजूला तेलुगू बोलतात, दुसऱ्या बाजूला बिहारी. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट, सुट्टीला या दुखण्याची माहिती देणारी पत्रकं वाटणं. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, स्पष्ट बोलते. शेजारच्या बिहारी चाचीच्या सासूलाही "हवा मार दिया" म्हणून असंच झोपवून ठेवलं होतं. जगात कुठंही जा, म्हाताऱ्या माणसांना अंथरुणाला खिळवणाऱ्या दुखण्यांत हा स्ट्रोक पुढच्या रांगेत बसलाय. वारं कसलं? मेंदूतली रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीनं तुंबते, नाहीतर फुटते! तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, की घड्याळ बघा आणि निघा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं. "वय झालं आता" म्हणून माणूस गुंडाळून ठेवणाऱ्यांचा मला संताप येतो.

हेच मी गावी जाऊन, भिंतीवर पत्रक चिकटवून सांगितलं. आबांचे धाकटे भाऊ आप्पा हसले. "आली डाक्टरीण! तुझ्या कागदानं वारं आडतंय व्हय गं?" आबा नुसते त्या कागदाकडं बघत राहिले. बोलणार कसे?

आणि गेल्या मंगळवारी सकाळी आईचा फोन! चहा पिता पिता आप्पांच्या हातातला कप गळाला, तोंड वाकडं झालं. बायकांनी दार लावलं, घोंगडी काढली. "आन् मामंजींनी डाव्या हातानं घोंगडी वढून फेकली की गं! दारावर काठ्या हाणत सुटले. त्या कागदाकडं बोट करायचे आन् तोंडातनं एकच, 'चल! चल!'"

चुलत्यांनी जीप काढली. मी धावतपळत स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात पोचले, तर ते माझ्या आधी हजर! गुठळीच होती. इंजेक्शन वेळेत मिळालं.

शनिवारी आप्पांनी घरी आल्यावर स्वतः फोन लावला. "डाक्टरीण बाय, तुझा कागद म्हाताऱ्यानं काठीनं फाडला. दुसरा आण." शब्दन् शब्द सरळ! मी खोलीत इतकी ओरडले की चाची लाटणं घेऊन धावत आली.

घर म्हटलं की आजवर मला निरोपाचा तो हात आठवायचा. काल पत्रकांचा गठ्ठा घेऊन गावी गेले. स्टँडवर दोघं म्हातारे उभे होते, आप्पांची बडबड चालू होती. आबांनी लांबूनच डावा हात वर केला.

या वेळी मी गाडीतून उतरत होते.