ईवारच्या शेजारची जागा

ईवार त्वेइतो हा स्कोर्विकच्या फेरीबोटीवरचा माणूस. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर मोटारी पोचवणाऱ्या त्या बोटीवर त्याची सारी नोकरी झाली. मोटारी एकमेकींना न घासता कशा उभ्या करायच्या, चाकाखाली ठोकळा कधी सरकवायचा आणि वाऱ्याच्या दिवशी कोणाला गाडीतून खाली उतरवायचे, हे तो नुसत्या हातवाऱ्यांनी सांगत असे. बोलण्याची त्याला गरज पडत नसे. पुढे खाडीच्या तळाखालून बोगदा झाला आणि बोट बंद पडली. बोगद्याविषयी तो कधी वावगे बोलला नाही. मात्र त्यातून जाताना तो गाडीतला रेडिओ बंद करतो. मयत झालेल्या घरावरून जाताना माणूस आवाज खाली आणतो, तसे ते असते.

त्याची बायको बोट बंद पडण्याच्या आधीच वारली होती. मुलगी मारित आणि तिची लहानगी तूवा त्याच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहत होत्या. त्या काळात त्याने विजेची मोटार घेतली. आता आमच्याकडे बहुतेकांपाशी तसल्याच आहेत. पेट्रोलच्या गाडीचा आवाज आला तर लोक खिडकीपाशी येतात. ईवारने गाडी निवडली ती रंग पाहून नव्हे. धडकेच्या चाचणीची चित्रफीत त्याने पुन्हा पुन्हा पाहिली होती आणि शेजारीण बोर्गहिल्ड हिला तो ती समजावून सांगे.

"हे बघ, नाक मुद्दाम चुरगळायलाच केलेलं आहे. मार सगळा नाकानं खायचा, म्हणजे आत बसलेल्यांना लागत नाही."

"माझ्या धाकट्या दिराचं नाकही त्याच कामाचं होतं," बोर्गहिल्ड म्हणाली. "पुढं सांग."

"बॅटरी खाली, जमिनीलगत, जाड चौकटीत. धडक बसली की वीज आपोआप तुटते. दारांची कुलुपं आपोआप उघडतात. आणि गाडी स्वतःच मदतीला फोन लावते."

"तुझ्यापेक्षा बोलकी आहे म्हणायची."

आमच्या देशात लहान मुलाची खुर्ची गाडीत पाठमोरी बसवतात, आणि मूल चार वर्षांचे होईपर्यंत ती तशीच ठेवतात. धडक बसली तर मुलाची मान पुढे फेकली जात नाही. सगळा भार पाठ घेते. पुष्कळ लोक ती खुर्ची पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी ठेवतात. तेव्हा मात्र त्या जागेसमोरची एअरबॅग बंद करावी लागते, कारण फुगणारी पिशवी मुलाच्या खुर्चीवरच आदळेल. त्यासाठी डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायची एक खाच असते. ईवारने ती स्वतः फिरवली. 'एअरबॅग बंद' असे दाखवणारा पिवळा दिवा वर लागला, हे त्याने चष्मा लावून पाहिले आणि मगच तूवाला आत बसवले.

पाठमोरी बसल्यामुळे तूवाचे तोंड आजोबाकडे असे. बालवाडीपर्यंतच्या वाटेवर ती मागे सरकणारे सगळे पाही आणि त्याला बातम्या देई. "आजोबा, बोगदा पळून चालला! आजोबा, मेंढ्या लहान लहान होत चालल्या!" जो माणूस बोटीवर हाताने बोलत होता, तो त्या वाटेवर तोंडाने बोलू लागला.

मग मारितला दूर उत्तरेकडे, बूदोच्या इस्पितळात नोकरी लागली.

"बाबा, विमानानं जाऊन येण्यासारखं आहे," ती म्हणाली.

"विमानात तिला पाठमोरं बसता येतं का?" ईवारने एवढेच विचारले.

मारितने तिकडे नवी खुर्ची घेतली. जुनी ईवारच्या शेजारी जिथल्या तिथे राहिली. पट्टे नीट गुंडाळलेले, आणि गादीत बिस्किटाचा चुरा.

आता बोर्गहिल्डविषयी सांगितले पाहिजे. तिचे घर ईवारच्या घराच्या वरच्या अंगाला, आणि माझे खालच्या अंगाला. तिची नजर अधू झाली, म्हणून तिने गाडी चालवण्याचा परवाना परत केला. बस सकाळी शाळेच्या मुलांना घेऊन जाते, ती दिवसभर परत फिरकत नाही. बेर्गन शहरात राहणाऱ्या तिच्या मुलाने, होकोनने, तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "ईवार नेतो-आणतो तोवर राहा, आई," असा त्याचा करार होता. म्हणून दर गुरुवारी ईवार तिला दुकानात आणि तिथून वृद्धांच्या गायनवर्गाला नेत असे. या उतारावर तिचे राहणे त्या गाडीवर अवलंबून होते, आणि ईवारकडे कोणी बोलायला असणे तिच्यावर. हे दोघांनाही ठाऊक होते. दोघांनीही ते कधी म्हटले नाही.

पुढे तूवाची खुर्ची होती, त्यामुळे बोर्गहिल्ड मागे बसे.

"ईवार, माझा आवाज तुझ्या टकलावर आपटून मलाच परत येतोय. मला पुढं बसू दे की."

"पुढं जागा नाही."

"जागा आहे. माणूस नाही तिथं."

ईवारने गाडी सुरू केली. बोर्गहिल्डने तो विषय पुन्हा काढला नाही. तिने फक्त दार जरा जोराने लावायला सुरुवात केली.

हिवाळ्यात एकदा मारितचा फोन आला. तूवा चार वर्षांची झाली होती आणि आता मोठ्यांसारखी पुढे तोंड करून बसत होती. ही बातमी मारितने आनंदाने दिली आणि ईवारने ती आनंदाने ऐकली. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची काढून नावेच्या खोपटात नेऊन ठेवली, आणि गादीतला चुरा दारात झटकला. तो टिपायला चिमण्या आल्या.

गुरुवारी बोर्गहिल्डने सवयीने मागचे दार उघडले, ते पुन्हा लावले आणि ती पुढे येऊन बसली. बरीच वाट सरल्यावर ती म्हणाली, "इथून बरा दिसतोस तू. मागनं नुसते कान दिसायचे."

पिवळा दिवा जळतच होता. जो दिवा नित्य जळतो, तो डोळ्यांना दिसेनासा होतो. बोर्गहिल्डला तर समोरचा डोंगरही धूसर दिसे, मग दिव्याची काय कथा. आयुष्यभर प्रत्येक ठोकळा हाताने हलवून पाहणाऱ्या माणसाने एक खुर्ची काढली, आणि खुर्चीबरोबर फिरवायची किल्ली फिरवली नाही. त्या दिवसांत तो आनंदात होता. दुकानातून तो दोघांसाठी वॅफल घेई आणि ती खाऊन होईतो गाडी काठाला थांबवून ठेवी.

बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठण्याचे दिवस होते. अशा एका गुरुवारी वळणावर हरीण उतरले. गाडीने ते ईवारच्या आधी पाहिले आणि स्वतःच करकचून ब्रेक लावला. कमरेचे आणि छातीवरचे पट्टे आवळले गेले. हरीण वाचले. रस्ता मात्र काचेसारखा झाला होता, आणि गाडी सरकत जाऊन कड्यावर आदळली. नाक चुरगळले. आतली चौकट जशीच्या तशी राहिली. ईवारसमोर पांढरी पिशवी फुगली आणि बसली. मग गाडीतून एका बाईचा आवाज आला.

"आपत्कालीन सेवा. तुमच्या गाडीनं आम्हाला कळवलंय. ऐकू येतंय का?"

"हो."

"गाडीत किती जण आहात?"

"मी एकटा," ईवार म्हणाला.

"गाडी तर दोन पट्टे लावलेले दाखवतेय."

"दोनच लिहा, बाई!" शेजारून बोर्गहिल्डचा रक्ताने भरल्या तोंडाचा आवाज आला. "दुसरी मी. हा मला अजून मोजत नाही!"

तिच्या गालाचे हाड मोडले होते आणि मनगटही. पट्ट्याने तिला धरले, म्हणून तेवढ्यावर निभावले. अग्निशामक दलाचे लोक आले. त्यांनी दोघांना बाहेर काढले आणि गाडी इतर गाड्यांपासून दूर, मोकळ्या आवारात नेऊन ठेवली. बॅटरी आतून दुखावली असेल तर ती मागाहूनही पेट घेऊ शकते, म्हणून तशी रीत आहे.

होकोन बेर्गनहून इस्पितळात आला तेव्हा ईवार बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता.

"धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळालेली गाडी म्हणे!" होकोन म्हणाला. "आणि आईच्या समोरची एअरबॅग उघडतच नाही? कंपनीला सोडणार नाही मी. तुम्ही घाबरू नका, ईवार. तुमची काहीच चूक नाही."

ईवार गप्प राहिला असता, तर राग कंपनीवर गेला असता, आणि गाल भरून आल्यावर बोर्गहिल्ड तिच्या घरी परतली असती. हे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने टोपी बाकावर ठेवली.

"गाडीचा दोष नाही," तो म्हणाला. "ती एअरबॅग मी बंद केली होती. तूवासाठी. तुझी आई तिथं बसायला लागली, तेव्हा ती चालू केली नाही."

होकोन ओरडला नाही. तो बाकावर त्याच्या शेजारी बसला. "तुम्ही?" एवढेच तो म्हणाला. "मी लहानपणी तुमच्या बोटीवर असायचो, ईवार. तुम्ही?"

"हो."

बोर्गहिल्डलाही हे आपणच सांगायचे, असे ठरवून ईवार आत गेला. तिचा अर्धा चेहरा पट्टीत होता.

"कळलं मला," ती म्हणाली. "दारातनं ऐकू येतं."

"चिडलीस?"

"चिडायला तोंड उघडावं लागतं. दुखतंय." तिने त्याच्याकडे मान वळवली. "खुर्ची माझ्यासाठी काढलीस ना?"

"हो."

"मग निम्मं तरी बरोबर केलंस." नंतर ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "मी बेर्गनला जाणार आहे, ईवार. तुझ्यामुळं नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि नुसतं तुझ्यामुळं म्हटलं तर तेही खोटं. होकोनला रात्री झोप येत नाही म्हणतो. मलाही आता पुढं बसवणार नाही, आणि मागं बसायला परत मन होणार नाही."

वसंतात ती गेली. खोकी ईवारनेच उचलली, आणि मीही दोन उचलली. होकोनने आईचा पट्टा लावला, ओढून पाहिला आणि दार लोटले. बोर्गहिल्डने काच खाली केली.

"गुरुवारी काय करशील?"

"दुकानात जाईन."

"एकट्या माणसाला आठवड्याला असं लागतं तरी काय?"

ईवार कोणत्याही प्रश्नाला विचार केल्याशिवाय उत्तर देत नाही. तो खाली खडीकडे पाहत उभा राहिला आणि त्याने प्रामाणिकपणे मनात धुंडाळले.

"कॉफी लागते," तो शेवटी म्हणाला.

विजेच्या गाड्या निघताना फारसा आवाज करत नाहीत. त्याने मान वर केली, तेव्हा गाडी खालच्या वळणापर्यंत गेली होती.