ग्राहक उपलब्ध नसेल तेव्हा

मार्व्हा निस्कानेन आयुष्यभर सूचनाच लिहीत आली. आधी बर्फ उडवणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिका, मग लाकडाच्या गिरणीतल्या करवतींच्या. पन्नाशी उलटल्यावर ती डुलुथ शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. घरोघरी ऑक्सिजनच्या टाक्या पोचवणारे पुरवठादार त्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत. कोणाकडे ट्रक पाठवायचा, कोणाची फेरी पुढे ढकलायची, हे पूर्वी पुरवठादारांच्या ऑफिसातल्या बायका बघायच्या. अलीकडे ते काम एआय एजंट म्हणवणाऱ्या प्रोग्रामकडे गेलं होतं. एजंटच्या हाताशी वेगवेगळी टूल, म्हणजे एकेका कामाच्या तयार आज्ञा, असत, आणि कुठलं कधी वापरायचं हे तो प्रत्येक टूलखालच्या दोन-चार ओळी वाचून ठरवी. त्या ओळी मार्व्हा लिहायची.

तिला या कामाची पहिल्यापासून धास्ती वाटे. यंत्राची पुस्तिका वाचणारा माणूस राहिलेलं आपल्या अकलेनं भरून काढतो. एजंट लिहिलंय तेच धरून चालतो.

"चार ओळी तर असतात," तिचा साहेब डेस्मंड म्हणायचा. "किती जिवाला लावून घेशील?"

जानेवारीत मोठं वादळ होऊन गेलं. त्यानंतरच्या सोमवारी ती नेहमीप्रमाणे एजंटच्या कामाच्या नोंदी चाळत होती. 'थांबवा' हे टूल बरेचदा वापरलेलं दिसलं, आणि तिनं त्या नोंदी उघडल्या. ग्राहक इस्पितळात गेला किंवा वारला, तरच ते वापरायचं. त्यानं पुरवठा साफ बंद होतो, आणि कोणी मुद्दाम सुरू करेपर्यंत बंदच राहतो. ऑफिसातल्या बायकांना हे सांगावं लागत नसे. मार्व्हानं त्याखाली लिहिलं होतं, 'ग्राहक उपलब्ध नसेल तेव्हा वापरा.'

वादळात फेऱ्या ठरवण्यासाठी एजंटनं ग्राहकांना फोन लावले होते. ज्यांनी उचलले नाहीत ते उपलब्ध नाहीत, म्हणून त्यांचा पुरवठा थांबवला होता.

तिनं यादीतलं एकेक नाव तपासलं. बहुतेकांनी स्वतः ओरडा करून पुरवठा सुरू करून घेतला होता. एक नाव मात्र तसंच बंद होतं. ऑर्विल हाल्व्हर्सन, टू हार्बर्स गावाच्या पुढे, तळ्याकाठी. एकटाच राहणारा, कानानं अधू.

तिनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग पुरवठादाराला लावला. तिथला माणूस म्हणाला, "ट्रक सगळे अडकलेत, बाई. शेरीफच्या पोलिसांना कळवतो, पण त्यांचीही धावपळ चाललीय."

डेस्मंड तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. "मार्व्हा, हे पुरवठादारानं बघायचं. तू कशाला जातेस? रस्ता बघितलास का?"

"वाक्य माझं आहे," ती म्हणाली आणि कोट चढवू लागली. बटणं लागेनात, तेव्हा तशीच निघाली.

रस्त्यावर वाऱ्यानं बर्फ आडवं वाहत होतं. पुढच्या गाडीचे दिवे कधी दिसत, कधी नाहीत. दार उघडेल आणि आत काय असेल, हे चित्र ती मनातून ढकलत होती. ते पुन्हापुन्हा येत होतं. एकदा गाडी घसरून कठड्याकडे गेली. तेव्हा तिला आपल्या जिवाची भीती वाटली नाही, उशीर होईल याची वाटली.

हाल्व्हर्सनच्या अंगणात बर्फावर कोणाच्याच पावलांची खूण नव्हती. दार लोटलेलंच होतं. तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही.

म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत होता. नाकाला नळी, ओठ निळसर. शेजारच्या टाकीचा काटा तळाला टेकला होता. मार्व्हानं खांद्याला हात लावला तसे त्याचे डोळे उघडले.

"ट्रकवाली का तू?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"ट्रक येतोय." ती खोटंच बोलली, जवळजवळ ओरडून, त्याला ऐकू जावं म्हणून. "बोलू नका."

"ऑक्सिजनचा नळ बारीक केला होता," तो म्हणाला. "पुरवून पुरवून... हललोच नाही."

तिनं अँब्युलन्सला फोन केला. गाडी येईपर्यंत त्याचा गार हात आपल्या हातांत धरून, छाती वर जाते की नाही एवढंच ती बघत राहिली. मध्येच छाती हलायची थांबल्यासारखी वाटे, आणि मार्व्हा त्याला हलवून जागं करी.

हाल्व्हर्सन वाचला. त्याची मुलगी जोऍन त्याला क्लोकेला आपल्या घरी घेऊन गेली, आणि तिनं आभार मानायला ऑफिसात फोन केला.

"आभार मानू नका," मार्व्हा म्हणाली. "पुरवठा बंद झाला तो माझ्या लिहिण्यामुळे."

जोऍननं विचारलं, "आता तिथे काय लिहिलंय?"

मार्व्हानं वाचून दाखवलं. "ग्राहक इस्पितळात असल्याचं किंवा वारल्याचं घरच्यांनी कळवलं असेल तरच वापरा. यानं ऑक्सिजन पूर्ण बंद होतो. फोन न उचलणं हे कारण नव्हे. तेव्हा फेरी पुढे ढकला आणि माणसाला कळवा."

"बरं," जोऍन म्हणाली, आणि फोन ठेवला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही.

त्या दुपारी मार्व्हानं एजंटलाच खोटे प्रसंग घालून पाहिले: म्हातारा बहिरा आहे, फोन उचलत नाही, बाहेर वादळ आहे. दर वेळी उत्तर बरोबर आलं. तिला हायसं वाटलं नाही. तिनं पुढचं टूल उघडलं. 'पत्ता बदला' असं त्याचं नाव होतं, आणि त्याखाली तिनंच लिहिलं होतं, 'ग्राहक दुसरीकडे असेल तेव्हा वापरा.' तिनं ते वाक्य खोडलं.